दाओताईचं सांगणं

उयेन अधूनमधून हनोईहून गावी यायची, थोरल्या बहिणीच्या हातचं जेवायची आणि तिला बोलतं करायची. दाओताई मातीच्या भांड्यात मासे शिजवत सांगत राही: नदीला पूर आला तेव्हा डुकरं माळ्यावर चढवली होती, बाबा पपनसाच्या सालींच्या होड्या करून द्यायचे. परत गेल्यावर उयेन तेच लाकडी फळीवर चित्रात उतरवी.

काम किचकट. चांदीचा वर्ख, अंड्याची टरफलं, रंग. त्यावर झाडाच्या चिकाच्या काळ्या रोगणाचे थर, सगळं चित्र बुडेपर्यंत. ते वाळलं की पाणी सोडत पॉलिश पेपरने घासत बसायचं. घासाल तसं आतलं वर येतं.

लोक विचारायचे, हे सुचतं कुठून?

"माझं बालपण," उयेन सांगायची.

वास्तविक ती लहानपणीच शहरात मावशीकडे शिकायला गेली होती. घरी राहिली ती ताई. आईचं आजारपणही तिनेच काढलं. उत्तर देताना उयेनचे कान तापायचे, पण उत्तर तेच असायचं.

पुराचं चित्र गाजलं. त्यानंतर एकदा ती म्हणाली, "ताई, ती माळ्यावरची डुकरं सांग ना परत."

"कसली डुकरं?"

"पुरातली."

"आपल्याकडे कुठला पूर? तुझं आपलं काहीतरीच."

वय झालं, असं उयेनने धरून चाललं. मग होड्या गेल्या. होड्यांचं चित्र पुरं झालं आणि पुढच्या खेपेला ताई पपनसाची साल कोंबड्यांपुढे टाकत म्हणाली, "बाबांना कधी हाताने काही करताना पाहिलं नाही बाई."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही व्हायचं नाही, हे उयेनला कळून चुकलं होतं. जे तिने रंगवलं नव्हतं ते ताईला बारीकसारीक तपशिलासह आठवत होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण नव्या प्रदर्शनात मधल्या भिंतीला मोठं चित्र हवं होतं.

"ताई, आई गेली तो दिवस सांग."

दाओताईचा भाजी निवडणारा हात थांबला. "तेवढं राहू दे माझ्याकडे."

म्हणजे तिलाही कळलं होतं. उयेनला मान वर करवेना. तरी ती म्हणाली, "मी नव्हते ना. मला दुसरं कोण सांगणार?"

ताईने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग तिने सांगितलं. दुपार होती. आईने पेज तोंडातच धरून ठेवली, गिळलीच नाही. "तू येशील म्हणून दारावरचा पडदा वर बांधून ठेवला होता. दोनदा निरोप धाडला. तू प्रदर्शनाची चित्रं लावत होतीस."

उयेनने खाट रंगवली, वर बांधलेला पडदा रंगवला, आणि तिची वाट बघणारं रिकामं दार. घासता घासता दारातून टरफलांचा पांढरा उजेड तेवढा वर आला. स्वतःला तिने त्यात कुठेच घेतलं नाही. लोक चित्रापुढे डोळे पुसायचे, तेव्हा ती खांबाआड उभी राहायची.

प्रदर्शन संपल्यावर ती गावी गेली. जेवणाची वेळ होती. गेलेल्यांना उदबत्ती लावायच्या फळीवर बाबांचा फोटो एकटाच होता.

"आईचा फोटो कुठाय?"

"काढला," दाओताई हसून म्हणाली. "जित्या माणसाला उदबत्ती लावतात का कुणी?"

तिने मऊ भाताचा वाडगा उचलला आणि ती आतल्या खोलीत गेली. आई गेल्यापासून ती खोली बंदच असायची.

आत खाट करकरली.

कुणीतरी खोकलं.

मग ताईचा समजावणीचा आवाज ऐकू आला, आणि त्याला उत्तर देणारा दुसरा, दमलेला.

उयेनला उठून बघता आलं असतं. ती उठली नाही. आता आईला तोंड कसं दाखवू, हेच आधी मनात आलं. भीती त्यानंतर वाटली.

ताई बाहेर आली. वाडगा रिकामा होता. कडेला एक ओलं शीत चिकटलं होतं.

"आई विचारत होती, बाहेर कोण आलंय," ताटं मांडत ती म्हणाली. "मी सांगितलं, चित्रं काढणाऱ्या कुणी बाई आहेत. घ्या ना तुम्ही, गार होतंय."