बाळघुटीचा थेंब

किड्यांच्या खोलीत शिरताना ताई चपला बाहेर काढायची, हात धुवायची आणि मगच ताटांवरचं फडकं उचलायची. तुतीच्या पाल्याचा ओला वास यायचा. मग बारीक कुंचला, आणि एकेका रेशीमअळीच्या पाठीवर एकेक थेंब.

प्रयोगशाळेत त्या थेंबाला सगळे बाळघुटी म्हणत. अळीच्या मेंदूतून हुकूम सुटला की छातीतल्या ग्रंथीतून एक संप्रेरक पाझरतं आणि ती कात टाकते. पण त्या वेळी रक्तात बालपणाचं संप्रेरक उरलेलं असेल, तर कातेतून पुन्हा अळीच निघते, फक्त थोराड. ते आटलं, तरच कोश, आणि कोशातून पतंग.

"हात जरा आखडता घे गं," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. "बेतानं दिली तर कोश जाड होतो. जास्त झाली, तर कोश विणायचंच विसरतात कार्टी. नुसती खात राहतात आणि मरतात."

"लाडावलेली पोरं," ताई म्हणाली आणि कुंचला वाटीच्या कडेला निथळला.

मागच्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ आंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन वाजला. दूरच्या बंदरात जहाजदुरुस्तीची नोकरी. पक्की झाली होती. ज्या फोनची तो डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होता, तो तिनं उचलला. "त्याला यायचं नाहीये," ती म्हणाली, इतकं सहज की तिचं तिलाच नवल वाटलं. मग फोनमधली ती नोंद पुसून टाकली.

"कुणाचा गं?" तो केस पुसत आला.

"राँग नंबर." आणि तिची बोटं त्याच्या ओल्या पाठीवरून फिरली, लहानपणी फिरायची तशी.

आई गेली तेव्हा तो रांगत होता. तो तिच्याच कडेवर वाढला. रडला की ती आपणच जुळवलेली ओळ गुणगुणायची: मोठा होऊ नको भाऊ, कड माझी रिती होई.

नोकरीसाठी घेतलेले नवे बूट त्यानं दाराशी ठेवले होते. रोज एकदा घालून बघायचा. "आज पण फोन नाही ना गं?" तो विचारायचा, आणि ताई खाली मान घालून पीठ मळत राहायची. आरशात स्वतःच्या डोळ्याला डोळा देणं तिनं सोडलं होतं.

हळूहळू त्यानं विचारणंही सोडलं. भूक मात्र वाढली. "वाढ ना अजून," म्हणत तो पातेलं खरवडायचा. सदऱ्यांच्या बाह्या मनगटावरून वर सरकल्या. न्हाणीघरातला वस्तरा कोरडाच पडून असायचा, आणि तरी त्याचे गाल गुळगुळीत.

एका सुट्टीच्या दुपारी तो खाटेवर बसलेला दिसला, मान वर करून, निश्चल. तिनं दोनदा हाक मारली. पापणी लवली नाही.

ती बसण्याची तऱ्हा ताईच्या रोजच्या पाहण्यातली होती. कात टाकण्याआधी ताटातल्या अळ्या अश्शाच बसत.

ती चप्पल न घालताच बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि लाजेनं परत फिरली. आता सांगायचं. त्यानं तोंडावर थुंकलं तरी चालेल. बंदरावर आपणच फोन करायचा, पाया पडायचं, आणि त्याला गाडीत बसवून द्यायचं.

तो स्वयंपाकघरात होता. मांडीत डबा, तोंडात घास.

"ऐक ना रे. तुझी नोकरी झाली होती. फोन मी घेतला. मीच नाही म्हणून सांगितलं."

तो चावत राहिला. झोक्यावरून पडल्याची कपाळावरची खूण नाहीशी झाली होती. कातडी नवी, ओलसर, जराशी सैल.

"कुठली नोकरी, ताई?"

आवाज पातळ होता. तो उभा राहिला. डोकं चौकटीला टेकलं. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"कडेवर घे ना."

तिची नजर खाली गेली.

बूट दाराशीच होते. नाड्या करकचून आवळलेल्या, टोकं रस्त्याकडे.

ते नजरेआड करावेत म्हणून तिनं उचलले. आत काहीतरी कुरकुरलं.

दोन्हींत पावलं होती. कोरडी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, नखांसकट.