पाखरं न बसणारा शाळू

ताईला माहेरी आणायला मी गेले होते, एवढंच. संक्रांत होऊन गेलेली. कागलच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि मधेच कणसांनी वाकलेले शाळूचे, रब्बीच्या ज्वारीचे, तुकडे. ताईला सहावा महिना होता.

आईला सांगितलं नव्हतं, पण मनात माझ्या दुसरंच घोळत होतं. ताईच्या सासरची ओढ्याकडची जमीन एका बंद कारखान्याच्या राखाडी ढिगाखाली आहे. पावसात ढिगाचं पाणी तिथेच उतरतं. म्हणून दिवाळीत आणलेली तिथली साठवणीतली मूठभर ज्वारी मी परवाच कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासली. कॅडमियम निघालं. हा धातू मातीतून मुळात आणि मुळातून दाण्यात चढतो. ताट हिरवंगार दिसतं, दाणा टपोरा दिसतो, आणि खाणाऱ्याची हाडं आतून पोखरली जातात. पोटातल्या बाळाचं काय होतं, ते वाचायचं मी अर्ध्यावरच सोडलं होतं.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "सासू-सुना हुरड्याला गेल्यात की. ओढ्याकडं."

बांधावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पलीकडच्या रानात माळ्यावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत होती, "हाऽऽ हुऽऽ" करून पाखरं उठवत होती. थवा उठायचा, आमच्या तुकड्यापर्यंत यायचा आणि... वळायचा.

"काय गं क्रांती, पायाखाली काय बघतीस सारखी?" ताईच्या सासूबाई, चिमणाबाई, आगटीवर कणसं भाजत होत्या. "भिऊ नगंस. साप न्हाय हितं. साप सोड, मुंगीबी फिरकत न्हाय."

मी हसले. वळणाऱ्या थव्याकडे बघितलं.

"पाखरंपण बसत नाहीत, मावशी?"

"न्हाय की. म्हसोबाची राखण हाय. म्हणून तर ह्या तुकड्याचं आमी कुणी तोंडात घालत न्हाय. पाखरानं उष्टं न केलेलं धान्य हाय, ते फकस्त तुझ्या ताईला. दिवस गेल्यापासनं तिची भाकरी येगळी थापतोय मी."

निखाऱ्यांवरून हुरड्याचा गोड, दुधाळ वास येत होता. त्याच्याखाली आणखी एक वास होता, घामेजल्या मुठीत नाणं धरून ठेवल्यासारखा.

"ताई कुठंय?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. आत, डोक्यापेक्षा उंच ताटांमध्ये ताई अनवाणी उभी होती. वारा पडलेला होता, तरी ताटं हलत होती, झोपेत कूस वळावी तशी. आणि ताईही त्यांच्याबरोबर.

"ताई..."

"हळू बोल." तिनं डोळे उघडले नाहीत. "चढतंय... ऐक."

मी ताटाला कान लावला. खरं सांगते, आत कुणीतरी सावकाश घोट घेत होतं.

धडपडत बाहेर आले आणि चिमणाबाईंना सगळं एका दमात सांगून टाकलं. ढीग, पाणी, धातू, दाणा... बाळ. मला वाटलं होतं, त्या वसकन अंगावर येतील. पण त्यांचा एरवी रानभर ऐकू जाणारा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हंजे मी... माझ्याच हातानं?"

हातातलं कणीस आगीत पडलं. त्यांनी ते काढलंही नाही.

"चल. न्हे तिला. आत्ताच्या आत्ता न्हे."

आम्ही दोघींनी ताईचे हात धरले. ती झोपेतल्यासारखी हसली, पण जागची हलली नाही. खाली बघितलं, तर रान कोरडं खडखडीत, भेगा पडलेलं, आणि ताईचे पाय घोट्यापर्यंत आत. आम्ही नखांनी माती उकरली. एकेक पाय वर आला, तेव्हा तळव्यांना पांढरे तंतू लोंबत होते, जावळासारखे बारीक.

"शाळूची मुळं गुतल्यात..." चिमणाबाई म्हणाल्या. पण त्या हात लावेनात.

मग मीच एक तंतू चिमटीत धरला आणि हलकेच ओढला.

ताई कळवळली. "हळू गं... दुखतंय."

तिचा हात पायाकडे गेला नाही. पोटावर गेला.