चिमटा सुटता कामा नये

तो मोबाइल आधी पालथा ठेव. आणि तू, दार ओढून घे, वारा येतोय. गोष्ट हवी, गोष्ट हवी म्हणून दोन दिवस डोकं खाल्लंत ना माझं? मग आता मध्येमध्ये दात काढायचे नाहीत. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे ही. साडू जनावरांचा डॉक्टर. भुताखेतांना मानत नाही. घाबरतो तो फक्त माझ्या मेहुणीला. आणि त्या रात्री त्याला घराबाहेर काढलं तेही तिनेच.

गेल्या जानेवारीतला शेवटचा रविवार. जेवणं झाल्यावर लक्षात आलं, साडूच्या रक्तदाबाच्या गोळ्या दवाखान्यातच राहिल्यात. "सगळ्या गावच्या जनावरांना वेळेवर औषध देता, स्वतःचं तेवढं विसरता," असं म्हणत मेहुणीने स्कूटरची किल्ली त्याच्या हातात ठेवली. दवाखाना गावाबाहेर, लाकडाच्या वखारीला लागून. साडूने कुलूप काढलं, दिवा लावला, उभ्या उभ्या गोळी घेतली. परत निघणार, तोच दारात एक गाडी येऊन थांबली.

कुत्रेवाला. सगळे त्याला असंच म्हणायचे. चांगल्या जातीच्या कुत्र्या ठेवायच्या, त्यांची पिल्लं विकायची, हा त्याचा धंदा. कुत्र्यांना तो 'माल' म्हणायचा. साडूच्या तो डोक्यात जायचा. माझ्याही जायचा, खोटं कशाला बोलू!

मागच्या सीटवरून त्याने एक कुत्री ओढून काढली. तपकिरी रंगाची, दोन वर्षांचीही नसेल. पोट तट्ट फुगलेलं. साडूने ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक.

"कधीपासून असं?"

"पडली ती संध्याकाळी. पण महिनाभर माजावर आहे डॉक्टर, उतरतच नाही. तीनदा नर दाखवला, गाभण राहीना."

साडूचं टाळकंच सरकलं. "महिनाभर माज असतो का कधी? अहो, अंडाशयात गाठ झाली की असं दिसतं. आजारी जनावराला तुम्ही नर दाखवत बसलात! ती गाठ आता पिळवटून फुटली आहे. रक्त पोटात जमतंय. आत्ताच्या आत्ता पोट उघडायला हवं."

"उघडा. पण पिशवीला हात लावायचा नाही. अजून दोन वेतं तरी काढायची आहेत हिची."

"आत जे दिसेल ते करीन."

"मग मी इथेच उभा राहणार," कुत्रेवाला म्हणाला. "बघतोच कशी काढता ते."

साडूने वाद घातला नाही. कंपाउंडर सासुरवाडीला गेलेला, आणि दोन हात तर हवेच होते. कुत्रेवाल्याचे हात घासून घेतले, हातमोजे चढवले, त्याला टेबलापलीकडे उभं केलं. कुत्रीला भूल दिली आणि पोट उघडलं.

गाठ केवढी? नारळाएवढी. साडूने तिच्या मुळाशी चिमटा लावला. पण देठ जाड, चिमट्याचा खटका नीट बसेना.

"हा असाच दाबून धरा," तो म्हणाला. "सुटला तर शीर आत जाईल आणि मला सापडायची नाही. मी दोरा बांधेपर्यंत चिमटा सुटता कामा नये."

कुत्रेवाल्याने धरला. साडूने दुसरी बाजू पाहिली. तिथेही गाठ. लहान, पण होतीच.

"दोन्हीकडे आहे. सगळं काढावं लागणार."

"म्हणजे पिल्लं...?"

"विसरा."

"मग मला हिचा उपयोग काय?" कुत्रेवाला म्हणाला. "राहू द्या. मेली तर मेली." आणि त्याने बोटं सैल केली.

टेबलाखालून गुरगुर आली.

साडूला वाटलं, भूल उतरली. पाहिलं तर कुत्री गाढ. जीभ बाहेर. डोळे स्थिर.

पुन्हा गुरगुर. खोल. दातांतून आलेली...

कुत्रेवाला खाली बघत होता. तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"ही... ही इथे कशी?"

"कोण?"

"हिची आई."

साडू वाकला. टेबलाखाली बादली. कुत्रेवाल्याचे बूट. बस्स. दुसरं काही नाही. पण... त्याच्या पँटचा पाय मागे ताणलेला होता. पोटरीपाशी कापड आपोआप ओढलं जात होतं. कुणीतरी दातात धरल्यावर ओढलं जाईल, तसं.

"तिचंही असंच झालेलं," कुत्रेवाला पुटपुटला. "महिनाभर माज... मग पोट फुगलं. मी दाखवली नाही कुणाला. जुन्या खाणीपाशी नेली... साखळीने बांधून आलो. रात्रभर ओरडत होती म्हणे..."

साडू कधी कुणाला अरेतुरे करत नाही. तेव्हा केलं.

"हरामखोरा, चिमटा धर."

त्याने धरला. गुरगुर थांबली.

बोटं जरा सैल झाली. गुरगुर सुरू.

घट्ट धरला.

थांबली.

साडू सांगतो, हात चालत होते, पण मान वर करायची हिंमत होत नव्हती. दोऱ्याची एक गाठ मारली. मग दुसरी. खोलीत श्वास तिघांचे असायला हवे होते. त्याने कान देऊन ऐकले...

ए, तू मध्ये बोलू नकोस. ऐक.

चार होते.

शेवटी दोरा आवळला. रक्त थांबलं. "सोडा आता," साडू म्हणाला.

कुत्रेवाला सोडेना. मान खाली घालून त्याने विचारलं, "सोडू?"

साडूला नव्हतं विचारलं त्याने.

काहीच आवाज आला नाही. पँटचा पाय सैल झाला. त्याने चिमटा सोडला आणि धावत जाऊन गाडीत बसला.

पिशवीही निघाली. टाके घातले. कुत्री जिवंत होती. साडूने तिला आतल्या खोलीत पिंजऱ्यात निजवलं, कडी लावली. खिडकी बंदच होती. फिनेलच्या पाण्याने तिथली सगळी फरशी पुसली, आणि बाहेर येऊन हत्यारं धुवायला घेतली.

थोड्या वेळाने कुत्रेवाला आत आला. हातात दोर. माणूस किती नीच असावा बघा, दम खाल्ल्यावर पुन्हा मूळपदावर!

"माझा माल मला द्या."

"आज हलवली तर मरेल ती."

"माझी आहे. जिथे आई, तिथे लेक."

साडू आडवा गेला. त्याने साडूला ढकललं, आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

उंबऱ्यावरच थांबला.

फरशीकडे बघत राहिला. कितीतरी वेळ. मग उलट्या पावलांनी मागे आला... गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गेला. त्यानंतर ती कुत्री मागायला तो कधी आला नाही.

साडू आत गेला. कुत्री झोपलेली होती, श्वास चालू होता. फरशी अजून ओली, दिव्याखाली चमकत होती. पिंजऱ्याच्या दारापाशी तेवढी एक जागा कोरडी. लांबट, गोल. मोठी कुत्री अंग मुडपून निजली की व्हावी तेवढी. आजूबाजूला सगळं ओलं, आणि त्या ओल्यात येतानाचं किंवा जातानाचं एकही पाऊल नाही.

साडूने खाली बसून त्या जागेवर हात टेकवला.

गरम होती...