ताशी एकोणीस किलोमीटर

बाणेरच्या टेकडीमागच्या चलनशास्त्र प्रयोगशाळेत टेनिसचे एकच मैदान होते आणि तिथे प्रेक्षकांना बसायला जागा नव्हती. भिंतींवर चोवीस कॅमेरे होते. जाळ्यापलीकडे रुळावरून डावी-उजवीकडे सरकणारे माणसाच्या उंचीचे एक यंत्र होते. इरफान मुजावर या तरुण अभियंत्याने ते बांधले होते आणि त्याला ‘प्रतिखेळाडू’ असे नाव दिले होते. मोजलेल्या कोणत्याही खेळाडूचा शैलीठसा त्या यंत्रात भरता येई. कुठल्या चेंडूला तो खेळाडू काय उत्तर देतो, किती वेगाने, किती फिरकी देऊन, किती उंचावरून, हे सगळे त्या ठशात असे. तो नेहमी कुठे चुकतो, हेसुद्धा असे.

“पण दिगूदादाला तर कुणी मोजलेलंच नाही,” ऋजुता नलवडे म्हणाली. “सामने मोजतात. सराव कोण मोजतंय?”

दिगंबर साळोखे हे तिचे सरावाचे जोडीदार होते. कोल्हापूरच्या लाल मातीवर ती तेरा वर्षांची असल्यापासून ते रोज तिच्यासमोर उभे राहिले होते. जानेवारीत ते अचानक गेले. त्यानंतरच्या सात महिन्यांत ऋजुता नऊ स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली होती. दोन वर्षांपूर्वी जगात एकसष्टावी होती ती एकशे अठ्ठेचाळीसावर आली होती, आणि अशीच घसरत राहिली तर पुढच्या जानेवारीत मेलबर्नला होणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतही तिचे नाव लागणार नव्हते. तिने चार जोडीदार बदलून पाहिले होते. आता तिला दिगूदादाच परत हवे होते.

“त्यांना मोजलं नाही, पण तुला मोजलंय,” डॉ. मंदाकिनी उपासनी म्हणाल्या. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि सावकाश बोलत. “खांद्यावरचा ताण कळावा म्हणून तुझ्या रॅकेटच्या मुठीत नऊ वर्षं एक चकती आहे. ती सरावातही चालू असते. चेंडू आदळला की तारा थरथरतात. तो तारकंप दोनच गोष्टींवर ठरतो. तू रॅकेट किती जोरात आणलीस, आणि चेंडू किती जोरात आला. पहिली गोष्ट चकतीला माहीत आहे. ती वजा केली की...”

“दादा उरतो.”

“त्यांचा चेंडू उरतो,” मंदाकिनी म्हणाल्या. “याला आम्ही उलटमापन म्हणतो. सामन्यांवर ताडून पाहिलंय. ताशी दीड किलोमीटरच्या वर चूक होत नाही.”

इरफानने शेवटच्या तीन महिन्यांची नोंद घेतली, कारण ती सर्वांत स्वच्छ होती. प्रतिखेळाडू रुळावर सरकला आणि त्याने पहिला चेंडू टाकला. ऋजुताने तो परतवला. दुसरा परतवला. सहाव्या चेंडूला ती थांबली, आणि रॅकेट छातीशी धरून तिथेच खाली बसली.

“काय झालं?” इरफान घाबरून ओरडला.

“काही नाही ओ.” ती रडत होती आणि हसतही होती. “उजवीकडं दोन दिले की तिसरा आखूड टाकायची खोड आहे मेल्याची. लावा, परत लावा.”

त्या दिवशी ती दोन तास खेळली. मंदाकिनींनी इतका सुंदर खेळ त्या मैदानावर कधी पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या महिन्यात ती दोन स्पर्धा खेळली आणि दोन्हींत पहिल्या फेरीत हरली, पूर्वीपेक्षाही वाईट.

“इथं एक फटका चुकत नाही, आणि तिथं प्रत्येक चेंडूला उशीर,” इरफान म्हणाला. “सहा शतांश सेकंद. हे मनाचं नाही, मॅडम. मन एवढं नेमकं चुकत नाही.”

“सगळी नऊ वर्षं उलटमोजा,” मंदाकिनी म्हणाल्या.

अकरा लाख फटक्यांचा हिशेब लागायला दोन दिवस गेले. साडेसात वर्षे साळोख्यांच्या फटक्याचा वेग ताशी एकशे अठरा किलोमीटरच्या आसपास हेलकावत होता. शेवटच्या सोळा महिन्यांत तो उतरत उतरत नव्व्याण्णववर आला होता. जगातल्या पहिल्या शंभर खेळाडूंची सरासरी एकशे सतरा होती.

“आजारी होते,” इरफान हळूच म्हणाला.

“आजारी माणसाचा आलेख असा नसतो.” मंदाकिनींनी पडद्यावरच्या रेषेला बोट लावले. “चांगले दिवस असतात, वाईट असतात. रेषा दातेरी हवी. ही सुरीने कापल्यासारखी आहे. वेग कमी झालाय आणि हेलकावेही गेलेत. म्हणजे बऱ्या दिवशीसुद्धा ते आपल्या सर्वांत वाईट दिवसाइतकंच मारत होते.”

“कशासाठी?”

“तिला फरक कळू नये म्हणून. शंभरात पाचाच्या आतला फरक खेळाडूला जाणवत नाही. ते त्याच्या कायम आत राहिले. आठवड्याला पाव-अर्धा किलोमीटर. तिचं शरीर त्यांच्याबरोबर उतरत गेलं आणि तिला पत्ता लागला नाही.”

मंदाकिनींनी कोल्हापूरला फोन लावला. फोन साळोख्यांच्या पत्नी शालन यांनी घेतला.

“हृदयाचा स्नायू पातळ होत होता,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी खेळूच नका म्हणून सांगितलेलं. मी डोकं आपटून घेतलं ओ. पण ऐकतोय कोण? ऋजूला कळलं तर ती मला जपून मारंल म्हणायचे. तिचा खेळ बिघडंल म्हणायचे.” मग विचारले, “बिघडला का?”

“नाही,” मंदाकिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋजुताला विचारून पाहिले. यंत्राचा वेग थोडा वाढवला तर?

“नको.” तिने लगेच मान हलवली. “मग तो दादा कसा राहील? मॅडम, हरायचं तर हरीन मी. पण रोज सकाळी दोन तास तो मला भेटतोय. त्यात काही ढवळाढवळ करू नका. करणार नाही ना?”

“यंत्र आहे. अधूनमधून तपासावं लागतं,” मंदाकिनी म्हणाल्या. ऋजुताला ते पुरले.

“तिला खरं सांगूया,” ती गेल्यावर इरफान म्हणाला.

“काय सांगायचं? की ज्या माणसासाठी ती रडतेय, त्यानंच तिला मागं खेचलं? आणि ते तिच्यावरच्या मायेपोटी?” मंदाकिनी म्हणाल्या. “सांगितलं तर ती पुन्हा रॅकेट उचलणार नाही. नाही सांगितलं तर उचलेल. पाच महिने आहेत, इरफान. एकोणीस किलोमीटर. आठवड्याला एक.”

“म्हणजे त्यांनी केलं तेच, उलट्या दिशेनं.”

“हो.”

“आणि आखूड चेंडूची ती खोड?”

“वेग वाढला की ती टिकणार नाही. हात थकल्यावर तेवढीच चाल उरते, म्हणून ती होती. उंचीही बदलावी लागेल, फिरकीही. त्यांची जुनी नोंद वेगापुरतीच स्वच्छ आहे, म्हणून पहिल्या पन्नास खेळाडूंच्या सरासरीकडे न्यायचंय सगळं.”

सोमवारी सकाळी इरफानने नव्व्याण्णवचे शंभर केले.

ऑक्टोबरात ऋजुता एका स्पर्धेत दुसऱ्या फेरीत गेली. नोव्हेंबरात बंगळूरला तिने उपान्त्य फेरी गाठली. सकाळी सरावाला येताना ती यंत्राशी बोलायची. “काय दादा, झोप झाली का?” जाताना त्याच्या पत्र्यावर थाप मारायची. आठवड्यागणिक यंत्रातला एकेक आकडा बदलत गेला आणि तिला एकदाही काही जाणवले नाही. डिसेंबरच्या शेवटी वेग एकशे अठरावर आला. साळोख्यांच्या जुलैमधल्या ठशातला एकही आकडा आता उरला नव्हता. मेलबर्नच्या पात्रता फेरीच्या यादीत ऋजुताचे नाव लागले.

निघायच्या आदल्या सकाळी मंदाकिनी लवकर आल्या. चार महिने त्यांना नीट जेवण गेले नव्हते. आपण या मुलीपासून एक माणूस चोरला आहे, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. खेळ आता पक्का झाला होता. एका सकाळीने तो मोडणार नव्हता.

“इरफान, जुना ठसा लावा,” त्या म्हणाल्या. “जुलैमधला. खरा. तिला न सांगता घेतला होता, तसाच न सांगता एकदा परत देऊ.”

ऋजुता आली, यंत्राला नमस्कार करून आपल्या जागी गेली. पहिला चेंडू तिने फार लवकर मारला, तो जाळ्यात गेला. दुसराही. मग उजवीकडे दोन आले आणि तिसरा आखूड पडला. ती तिथेच उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली.

ऋजुता जाळ्याशी आली. तिच्या कपाळावर आठी होती.

“मॅडम, हा कुणाचा ठसा लागलाय?”

मंदाकिनींनी इरफानकडे पाहिले.

“कोण का असेना, याला बरं नाहीये ओ. दम लागलाय त्याला. ओढूनताणून मारतोय, कळत नाही का तुम्हाला?” ती कळवळून बोलत होती. “असल्या माणसाला उभं तरी कशाला करतात? घरचं कुणी नाही का त्याला? बसवा ओ त्याला.”

इरफानने पडद्यावरून मान वर केली नाही.

“चुकून लागला,” मंदाकिनी म्हणाल्या. “काढा, इरफान.”

त्याने काढला. यंत्र रुळावर मधोमध येऊन थांबले. पहिला चेंडू सपाट आणि जोरात आला. ऋजुताने तो सरळ रेषेवर परतवला आणि तिचा चेहरा खुलला.

“हां,” ती म्हणाली. “आला बघा माझा दादा.”