तळघरातली सातवी तक्रार

वायफायचा माणूस जेवण उरकून खुर्चीत टेकतो न टेकतो तोच संगणकावर तक्रार आली. 'ग्रंथालय, तळघर. रेंज नाही. माणूस पाठवा.' कॉलेजात अशा तक्रारी दिवसाला वीस यायच्या आणि त्यांतल्या पंधरा तो बसल्या जागी निकालात काढायचा. 'जागेवर जाऊन पाहिले. दुरुस्त केले.' एवढं लिहिलं की सुटला. पण ही तक्रार ज्यांच्या नावावर होती, ते जुनी पुस्तकं सांभाळणारे काका तीन आठवड्यांपूर्वी त्याच तळघरात वारले होते.

काकांच्या सहा तक्रारी त्याने अशाच मिटवल्या होत्या. जाणार तरी कोणत्या तोंडाने? तळघरातला वायफायचा डबा त्यानेच काढून प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवला होता. खाली मोबाईलला रेंज नाही; काका वायफायवरूनच मुलीला फोन करायचे. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी नऊ वेळा लावला, एकदाही लागला नाही. चौकशी समितीने त्याचे सहा शेरे वाचले आणि वायफाय ठीक होतं, म्हाताऱ्यालाच फोन वापरता आला नाही, असं लिहून हात झटकले. मुलगी मात्र त्याच्यापुढे येऊन उभी राहिली होती.

"दादा, तुम्ही खरंच खाली गेला होतात ना?"

"सहा वेळा," तो म्हणाला होता. जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

काकांचं खातं बंद करायचं राहिलं होतं. कुणाचा तरी चावटपणा असणार. शिपायाकडून किल्ली घेऊन तो भर दुपारी खाली उतरला. दिवा लावला. जुन्या कागदांच्या वासावर फिनेलचा वास चढून बसला होता. काकांचं टेबल, खुर्ची, खुर्चीवरची चपटी झालेली उशी. वर छताला स्क्रूची चार भोकं. आणि हातातल्या फोनवर वायफायची रेंज... पूर्ण.

तो जिन्याकडे वळला तसा दिवा गेला. वरचं दार उघडेना. हाका मारून घसा बसला. आता रेंज येत होती ती एकाच ठिकाणी... काकांच्या खुर्चीत, तीही बसल्यावर. फोन लागत नव्हता. उघडत होतं ते फक्त तक्रारीचं पान. त्याने लिहिलं, 'तळघरात अडकलोय. कुणीतरी या.'

उत्तर लगेच आलं. 'जागेवर जाऊन पाहिले. दुरुस्त केले.' खाली त्याचंच नाव.

काळोखात अगदी शेजारी कुणीतरी श्वास घेतला... कळ सोसत, थांबून थांबून.

तासाभराने शिपाई किल्ली मागायला आला. "दार सताड उघडं, आणि तुम्ही इथे अंधारात बसलात काय?"

वर येऊन त्याने सातवी तक्रार उघडली. सगळं खरं लिहून टाकायचं, डब्याचंही, असं जिन्यावरच ठरवलं होतं. नोकरी आठवली, प्राचार्य आठवले. शेवटी त्याने लिहिलं, 'जागेवर जाऊन पाहिले. दुरुस्त केले.' या खेपेस निदान अर्धं तरी खरं होतं.

खाली तक्रारदाराच्या अभिप्रायाचा चौकोन असतो. तो आजवर कुणी भरला नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर उमटत गेलं.

'माणूस आला होता. काम न करताच गेला. पुन्हा पाठवा.'