परक्याचा दोर

त्या गुहेच्या पोटात तळं आहे, हे सिद्ध करायला दोघी निघाल्या होत्या. तळं आहे, असं वहिनीचा नवरा जन्मभर सांगत राहिला आणि त्याच्या वडिलांनी ते जन्मभर हसण्यावारी नेलं. "पोरानं आयुष्य भोकात घातलं!" मुलगा आजारपणात गेला, तरी मामंजींचं वाक्य काही बदललं नाही. म्हणून आज त्यांना मुद्दाम गुहेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं होतं. मांडीवर चहाचा थर्मास. कान जरा कमी.

"एक बाटली पाणी आणून त्यांच्या हातात ठेवायचं," वहिनी नणंदेला म्हणाली. "बाकी मला काही नको."

खाली

पहिला खड्डा विहिरीसारखा सरळ. दोराला लोंबकळत दोघी उतरल्या, दोर परतीसाठी तसाच ठेवला आणि पोटावर सरपटत पुढच्या बोळकांडीत शिरल्या. वहिनी शाळेत गणित शिकवायची, नणंद माकडांवर संशोधन करायची. वाद घालायला दोघींना जागा कुठलीही चालायची. आजचा विषय: बरं-वाईट माणसाला कळतं कुठून.

"वन्सं, चूक ती चूक. जग बुडालं तरी दोन आणि दोन चारच."

"माझ्या माकडांना बेरीज येत नाही, वहिनी. तरी पडलेल्या पिल्लापाशी ती थांबतात. ते अंगातच असतं. उरलेलं सगळं आईच्या धपाट्यांचं."

"आणि धपाटे खाऊनही जे सुधारत नाहीत?"

"ते आमच्याकडे विभागप्रमुख होतात!"

"हसवू नकोस गं! छाती अडकली माझी!"

खरंच अडकली होती. श्वास सोडून, खांदा मोडल्यासारखा वळवून ती कशीबशी सुटली.

आणखी खाली

बोळ संपला तिथे जमिनीत दोन भोकं होती, शेजारी शेजारी. एकात हाक मारली की दुसऱ्यातून परत यायची. म्हणजे खाली दोन्ही एकच. त्यांनी जवळचा दुसरा दोर पहिल्या भोकात सोडला. टोक अधांतरी राहिलं.

कमी पडला!

आणि शेजारच्या भोकात कुणाचा तरी दोर आधीच उतरलेला होता. खडकाला बांधलेला. चिखलानं माखलेला. चिखल ओला होता. पण तिथे सगळंच ओलं होतं.

"कोणी आहे का?"

...का... का...

वहिनीनं तो ओढून पाहिला. हलका. तो सोडवून आपल्या दोराला जोडला, की थेट तळ्यावर! तिची बोटं गाठीवर गेलीसुद्धा.

"नको," नणंद म्हणाली.

"जुना आहे. टाकून गेलंय कुणीतरी."

"असेल. पण कुणी खाली असलं, तर त्याची वर यायची वाट आपण नेतोय."

"तुझ्या मते तर हे सगळं धपाट्यांचं ना?"

"हो. पण हात चालत नाहीये माझा."

"अगं, इथे बघायला कोण आहे?"

हे वाक्य वहिनीनं परीक्षेच्या वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांकडून कितीदा ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच. मग तिनं सैल केलेली गाठ पुन्हा आवळली, आणि परत एकदा आवळली.

थोड्या वेळानं तिनं एक धोंडा उचलला. टाकला की डुबुक ऐकू येईल. निदान आपल्याला तरी कळेल! हात भोकावर नेला.

खाली कुणाचं डोकं असलं तर?

धोंडा वहिनीनं आपणहून बाजूला ठेवला. हळूच, आवाज न करता.

"बाटली," ती एकदम म्हणाली. "बाटली सोडू! लेस काढ बुटांच्या!"

दोराला बारीक दोरी. दोरीला लेस. लेसना ओढणी. ओढणीला नवऱ्याची स्टीलची बाटली, झाकण उघडं.

खाली.

खाली.

सावकाश!

हिसका नाही. आवाज नाही. फक्त हाताला एकदम हलकं लागलं. मग जड.

"ओढ!"

बाटली वर आली. काठोकाठ भरून!

वहिनीनं झाकण घट्ट लावलं आणि बाटली गालाला धरून ती बसून राहिली. पाणी बर्फासारखं गार होतं. नणंदेनं तेवढ्यात बिस्किटांचा पुडा आणि जादा टॉर्च ओढणीत बांधला, टॉर्च लावला आणि गाठोडं परत खाली सोडलं. दोर खडकाला पक्का बांधून टाकला. खूप खोल, काळ्या पाण्यालगत, एक उजेडाचा ठिपका लोंबत राहिला.

वर

उन्हात डोळे दिपले. बूट फटक-फटक वाजत होते.

"खाली कोणी नसलं तर?" वहिनी कुजबुजली.

"तर बिस्किटं वाया."

मामंजींनी बाटली घेतली. हलवून पाहिली. झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांचं लक्ष लेस नसलेल्या बुटांकडे गेलं. नणंदेनं त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं: तळं, परका दोर, गाठोडं, आणि आता बचाव पथकाला फोन करायचाय, तेही.

म्हातारा खवळला.

"पुडा?" तो खुर्चीतून उठत ओरडला. थर्मास त्यानं वहिनीच्या हातात कोंबला आणि वाकून स्वतःच्या बुटांच्या लेस ओढायला लागला. "एवढ्याशा पुड्यानं माणसाचं भागतं का?"