दोन हापशांचा रांजण

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, मंठ्याचा आठवडी बाजार भरलाय. मार्च संपत आलाय, ऊन कानशिलं तापवतंय. कुंभारणीच्या पालाखाली रांजण मांडलेत आणि त्यातल्या एकाला मिठी मारून एक परका तरुण उभा आहे. बुटका, हसऱ्या डोळ्यांचा. दिसला? हा जोएल. फिलिपीन्स नावाच्या बेटांच्या देशातून आलेला.

"तो नका घेऊ..." मागून कोणीतरी म्हणालं. "फुटका आहे."

त्यानं वळून पाहिलं. पिवळी ओढणी डोक्यावरून घेतलेली एक मुलगी.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यानं तोडक्या मराठीत विचारलं.

"टिचकी मारा. घुमला तर पक्का. बद्द वाजला तर तडा गेलेला."

त्यानं टिचकी मारली. बद्द! तिनं शेजारच्या रांजणाला मारली, तो छान घुमला.

"माणसांना पण अशीच तपासता?"

"माणसांचा आवाज फसवतो."

"मग... मला मारून बघा ना."

कुंभारीण पदराआड हसली. मुलगी लाजून म्हणाली, "आधी रांजण उचला. नीट हं! माझ्या वर्गाचा आहे तो."

"तुमच्या? वर्गासाठी रांजण न्यायला तर मी आलोय!"

दोघं एकाच गावी निघाले होते. ती प्रीती, नवीन जालन्यातल्या ख्रिस्ती घरातली. एकाच ख्रिस्ती संस्थेनं दोघांना वर्षभरासाठी पाठवलं होतं, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायला. एकमेकांचं नाव माहीत होतं, चेहरा नव्हता.

पण ते गाव... दोन वर्षांपूर्वी एका निवडणुकीत ते मधोमध फुटलं होतं. वर शेतकऱ्यांची आळी, खाली जुन्या मेंढपाळांची. दोन हापसे, दोन चहाची हॉटेलं. वरचे खालचं पाणी पीत नसत, खालचे वरचं.

पहिल्याच संध्याकाळी वरच्या आळीचे कचरूआबा वर्गाच्या दारात आले. "धर्म बदलायला तर न्हाई ना आले?"

"नाही आबा. पाढे शिकवायला," प्रीती म्हणाली.

"मंग पाणी कोणाचं पिऊन राह्यले? बराबर सांगा."

"दोन्हीकडचं."

थट्टा समजून आबा हसले. खरं तर ती थट्टा नव्हती. रोज पहाटे जोएल एक घागर वरच्या हापशावरून आणायचा, एक खालच्या. दोन्ही त्या एकाच रांजणात. हे फक्त दोघांना ठाऊक होतं. मुलं पेला बुडवून पाणी प्यायची, आणि हे दोघं एकमेकांकडे बघून हळूच हसायचे. रविवारी दोघंच प्रार्थना म्हणायचे. तिचा सूर चुकला की तो मुद्दाम आपलाही चुकवायचा.

"लोकांना सांगून टाकू या का?" एकदा तिनं विचारलं.

"थोडं थांबू. आधी मुलांची दोस्ती होऊ दे."

इथंच चुकलं, मुलांनो. हेतू चांगला होता, पण न विचारता केलेलं होतं.

कचरूआबांची नात मीना, आठ वर्षांची. एका सकाळी तिनं जोएलला दोन्ही घागरी ओतताना पाहिलं. तिला इतका आनंद झाला! घरी जाऊन ती ओरडली, "आबा, आमच्या रांजणात दोन्ही हापशांचं पाणी असतं!"

तासाभरात वर्गाच्या दारात माणसं जमली. "आमच्या लेकरायला न सांगता पाजलं?" आबा दारातूनच ओरडले. खालच्या आळीच्या गोजरबाई कडाडल्या, "अन् आम्हाला तरी इचारलं का? चला गं पोरींनो!"

दुसऱ्या दिवशी एकही मूल आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. जोएल हात जोडून घरोघर हिंडला. दारं उघडली, त्याला पाहून पुन्हा लागली. दोघांनी मग रांजण भरणंच सोडलं. आतून तो कोरडा ठणठणीत झाला.

संस्थेचं पत्र आलं. वर्ग बंद. जोएलचा व्हिसा या कामापुरता होता, आता त्याला परत जायचं होतं.

फाट्यावर एसटीची वाट बघत दोघं लिंबाखाली उभे राहिले. मग त्यानं तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

"टिचकी मार."

"जोएल..."

"बद्द वाजेल. त्या दिवशीच तडा गेला, मंठ्याच्या बाजारात. तुझ्यामुळे." तो हसायला गेला, जमलं नाही. "माझ्याबरोबर चल, प्रीती. लग्न करू."

तिचे डोळे भरून आले. "माझं पण प्रेम आहे रे तुझ्यावर. रोज पहाटे तुझ्या घागरीचा आवाज ऐकूनच मी उठायचे... पण एखादं जरी पोर परत आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

"नाही येणार कोणी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी."

एसटी आली. खिडकीतून तो मागं बघत राहिला, धुळीत दिसेनासा होईपर्यंत. फिलिपीन्सहून पत्रं येतील, आधी लांब, मग लहान, मग नाहीच... हे तिला तेव्हाच कळलं होतं.

ती वर्गात परतली. रिकाम्या रांजणापाशी भिंतीला टेकून बसली.

दारात सावली पडली. मीना! दोन्ही हातांत एकेक तांब्या, फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला, धाप लागलेली.

"हा आमच्या हापशाचा," ती म्हणाली. "अन् हा खालचा. गोजरबाईला इचारून आणला. घरी आबाला पण सांगून आले. लई ओरडले." तिनं वर्गभर नजर फिरवली. "मॅडम... सर कुठंयत?"

प्रीतीनं दाराबाहेर, फाट्याच्या दिशेनं पाहिलं.

मीनानं टाचा उंचावून दोन्ही तांबे रांजणात ओतले आणि आत वाकून पाहिलं. महिनाभर तहानलेल्या मातीनं सगळं पाणी शोषून घेतलं होतं. तळ नुसता काळा झाला होता. पेला बुडेल एवढंही पाणी उरलं नव्हतं.

मग तिनं बाहीनं नाक पुसलं, दोन्ही तांबे उचलले आणि पुन्हा पाणी आणायला गेली.